दोष आणि लाज



कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस, महागाईभत्ता नाहीतर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची अटकळ असते. चालकांनीही आम्हांला तसाच विषय सुचविला होता. ख्रिस्ती धर्मातील पश्चात्ताप हा विषय आम्ही मागून घेतला, तेव्हा त्यांनी आम्हांला तो दोनदा उच्चारायला लावला. आम्ही ख्रिस्ती नव्हे. आमचे शिक्षण दहावीपुढे गेले नाही. पुढचे जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा धर्मशास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु अपराध काय असतो आणि लाज काय असते, हे आम्हांला पुस्तकाआधी कळले होते. त्यातून बाहेर पडण्याची वाट मात्र पुस्तकात दिसली, आणि ते पुस्तक बायबल निघाले, म्हणून हा विषय.

आमच्या धंद्यात पश्चात्ताप हा शब्द कागदावर फार येतो. कामगाराला चार्जशीट मिळते, खात्यांतर्गत चौकशी होते, आणि शेवटी कोणीतरी समजुतीच्या सुरात सांगतो, माफीपत्र लिहून दे, प्रकरण मिटून जाईल. मजकूर ठरलेला. झाल्या प्रकाराचा मनापासून पश्चात्ताप होत आहे, पुन्हा असे वर्तन घडणार नाही, आपला आज्ञाधारक. संप मिटल्यावर फाटकातून आत घेताना चांगल्या वर्तणुकीचे हमीपत्र मागतात, तेही याच कुळातले. अशी शंभरावर माफीपत्रे आम्ही लिहून दिली असतील, कारण आमचे अक्षर बरे. लिहिणाराला पश्चात्ताप नसे, सही करणाराला नसे, आणि घेणाराला तो नकोच असे. त्याला फायलीत कागद हवा असे. घरची चूल पेटती राहावी म्हणून केलेल्या सहीला आम्ही नावे ठेवणार नाही. पण इतकी वर्षे असा वापरल्यावर त्या शब्दाचे नाणे आमच्यापुरते पार गुळगुळीत झाले होते.

ते पुन्हा ओळखू येऊ लागले ते एका सहकाऱ्यामुळे. ते ओतशाळेत होते, नगर जिल्ह्याकडचे ख्रिस्ती, वयाने मोठे. सारे त्यांना दादा म्हणत. डब्याच्या सुटीत ते मराठी शुभवर्तमान वाचीत बसत. आम्ही थट्टा करीत असू, ते रागावत नसत. पश्चात्ताप म्हणजे काय हो दादा, असे आम्ही एकदा खवचटपणेच विचारले. ते म्हणाले, "मराठीत त्याचा अर्थ मागाहून झालेला ताप. पण आमचे पाळक सांगतात की मूळ ग्रीक शब्दात ताप नाही. त्यात मन पालटणे आहे."

हे आम्ही पुढे पडताळून पाहिले. मेटानोइया हा तो शब्द. त्याच्याही मागे जुन्या करारातला हिब्रू शब्द आहे, त्याचा अर्थ साधा, परत फिरणे. चुकीच्या रस्त्याने गेलेला माणूस जसा उलट वळतो, तसे. आमच्यासारख्या चळवळीतल्या माणसाला माघार हा शब्द कडू लागतो. माघार घेतली म्हणजे हरलो. म्हणून तो अर्थ गळ्याखाली उतरायला आम्हांला वेळ लागला.

आता अपराधाची टोचणी आणि लाज या दोहोंत फरक काय? आमच्या समजुतीप्रमाणे टोचणी एकांतात लागते, लाज चारचौघांत. टोचणीचा संबंध केलेल्या कर्माशी. लाजेचा संबंध आपल्या तोंडाशी, ते आता कोणाला कसे दाखवायचे याच्याशी. मौज अशी की एकीवरचा उपाय दुसरीला मारक ठरतो. टोचणी म्हणते, सांगून टाक. लाज म्हणते, मेलास तरी सांगू नकोस. या ओढाताणीत माणूस वीस वीस वर्षे काढतो. वरून पाहणाराला तो फक्त चिडखोर वाटतो.

शुभवर्तमानात ही ओढाताण दोन माणसांत वाटून दाखविली आहे. यहूदाने गुरूला तीस रुप्यांना धरून दिले. पेत्राने त्याच रात्री, या माणसाला मी ओळखत नाही, असे तीनदा सांगितले. आमच्या भाषेत एक फितूर आणि दुसरा ऐन वेळी कच खाल्लेला. पश्चात्ताप दोघांनाही झाला, हे लोक विसरतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाप्रमाणे यहूदा पैसे घेऊन परत गेला, आपण निर्दोष माणसाचा घात केला असे कबूलही झाला. पण गेला कोणाकडे? ज्यांनी पैसे दिले त्यांच्याकडेच. त्यांनी त्याला वाऱ्यावर सोडले. रुपये मंदिरात फेकून त्याने गळफास घेतला. पेत्रही त्या रात्री बाहेर जाऊन रडला, परंतु पुढे तो आपल्या सोबत्यांतच राहिला. तोंड लपवायला दूर गेला नाही. दोघांच्या पापाचे वजन कमी-अधिक असेल. आम्हांला ठळक दिसला तो हा दुसरा फरक.

योहानाच्या शुभवर्तमानात एक बारकावा आहे, तो दादांनी बोट ठेवून दाखविला. पेत्राने नाकारले तेव्हा तो महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या शेकोटीशी उभा होता. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशू त्याला भेटतो तेव्हाही कोळशाचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी आहे. तिथे त्याला विचारले जाते, तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या खेपेस पेत्राला वाईट वाटते. वाटणारच! पण जिथे तोंड काळे झाले तसल्याच विस्तवापाशी, तितक्याच वेळा बोलायला लावून, त्याला पुन्हा कामावर घेतले. दोष नुसता माफ केला असता तर लाज शिल्लक राहिली असती.

उधळ्या पुत्राची गोष्ट तर आपण शाळेत ऐकली असेल. मजुरांच्या संघटनेत काम करणाराने ती जरा वेगळी वाचावी. पोरगा परत निघताना वाटेत भाषण जुळवितो: मी तुमचा मुलगा म्हणवायला लायक नाही, मला एका मजुरासारखे ठेवा. ही लाजेची भाषा. लाजेला बरोबरीने बसायचे नसते, रोजंदारीवर राहायचे असते; तेवढे सोसवते. बाप धावत येतो, मुलगा भाषण सुरू करतो, आणि मजुराचे वाक्य यायच्या आत बाप नोकरांना हुकूम सोडतो, झगा आणा, अंगठी आणा, पायांत जोडा घाला. अनवाणी गड्याने असावे, मुलाने नव्हे. लूकने हे वाक्य गाळले ते चुकून गाळले असे आम्हांला वाटत नाही.

जक्कयाची गोष्ट आमच्या विशेष आवडीची. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना नाडून श्रीमंत झालेला, उंचीने बुटका, म्हणून झाडावर चढून बसलेला. येशू म्हणतो, खाली ये, आज तुझ्या घरी उतरायचे आहे. लोक कुरकुरतात. मग जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि ज्याचे अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत करतो. इथे क्रम पाहावा. आधी हिशेब चुकता कर, मग तुझ्या घरी पाणी पितो, असे येशू म्हणत नाही. आधी घरी येतो, हिशेब त्यानंतर निघतो. ख्रिस्ती लोक जिला देवाची कृपा म्हणतात ती हीच, असे आम्ही समजतो. क्षमा दाराशी उभी आहे हे दिसले म्हणजे माणसाला खरी रक्कम उच्चारण्याचे धैर्य येते. पण रक्कम निघतेच, हेही तितकेच खरे. चौपट!

पुढे धर्मसंस्था वाढली आणि या गोष्टीचे नियम झाले. रोमन कॅथलिक पंथात धर्मगुरूपाशी पापनिवेदन करतात. गोव्याच्या कोंकणीत त्याला कुमसार म्हणतात. १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने त्याचे तीन भाग नक्की केले: मनाचा खेद, तोंडाची कबुली, आणि भरपाई. त्याआधी १५१७ साली मार्टिन ल्यूथरने जी पंच्याण्णव कलमे मांडली त्यांतले पहिलेच कलम असे सांगते की ख्रिस्ती माणसाचे अवघे आयुष्य हाच पश्चात्ताप असावा. तेव्हा पैसे भरून पापाच्या शिक्षेतून सूट देणारी पत्रे विकली जात, त्यावर त्याचा राग होता. पंथांचा झगडा आम्ही सोडून देतो. आपल्याकडे प्रायश्चित्ताचे दरपत्रक करणारेही काही कमी नव्हते. असो.

आम्हांला सांगायची आहे ती एका न्यायाधीशाची हकीकत. एक जाड इंग्रजी पुस्तक शब्दकोश शेजारी ठेवून दीड महिना वाचीत होतो, त्यात ती सापडली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स प्रांतात सेलेम म्हणून गाव आहे. १६९२ साली तेथे काही मुलींना झटके येऊ लागले, आणि अमक्या बाईने चेटूक केले, तमकीने केले, अशी नावे त्या घेऊ लागल्या. आपल्याकडेही चेटकीण, भुताळी म्हणून बायकांना मारल्याच्या बातम्या येतात, तेव्हा हसण्यासारखे काही नाही. प्रांताने खास न्यायालय नेमले. १९ माणसे फासावर गेली, त्यांत १४ बायका. जाईल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याने खटल्याला उत्तर देण्याचे नाकारले, म्हणून त्याला अंगावर दगड रचून चिरडले. काही कैदेत मेले. रिबेका नर्स नावाच्या सत्तरी उलटलेल्या बाईला पंचांनी आधी निर्दोष ठरविले होते. न्यायाधीशांनी पंचांना पुन्हा विचार करायला लावले, आणि ती दोषी ठरली. तिच्या मंडळीने तिला बहिष्कृत केले, आणि १९ जुलैला तिला फाशी दिले.

यातली भयंकर गोष्ट अशी. मी चेटूक केले, मला पश्चात्ताप होतो, असे जे म्हणाले त्यांचा जीव वाचला. मी केलेले नाही, असे जे खरे बोलले ते लटकले. आमची माफीपत्रे आठवली. सक्तीने घेतलेल्या कबुलीचा याहून काळा दाखला आमच्या वाचनात नाही, आणि तो पश्चात्तापाचा उपदेश करणाऱ्या धार्मिक लोकांच्या गावातला आहे, हे ख्रिस्ती मित्रांनी लपवू नये. दादांनी लपविले नाही.

त्या न्यायालयातल्या न्यायाधीशांपैकी एक सॅम्युएल स्यूअल. बोस्टनचा व्यापारी, हार्वर्डचा शिकलेला, रोजनिशी लिहिणारा. १६९६ हे वर्ष त्याला वाईट गेले. मे महिन्यात मूल मृत जन्मले, डिसेंबरात सारा नावाची लहान मुलगी गेली. ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी घरात मुलगा मत्तयाच्या बाराव्या अध्यायातला उतारा लॅटिनमध्ये म्हणत होता. दया हवी, यज्ञ नको, आणि हे कळले असते तर निर्दोषांना दोषी ठरविले नसते, अशा आशयाचे वचन त्यात आहे. ते कानी पडताच सेलेमची आठवण कशी भयाण उभी राहिली, ते स्यूअलने नोंदवून ठेवले आहे. मुलांचे मरण हे पापाचे फळ, असे तो मानत होता. आम्ही तसे मानत नाही. पण घरात मृत्यू झाला म्हणजे माणूस कसा जागा होतो हे आपल्याला ठाऊक आहे.

तीन आठवड्यांनी, १४ जानेवारी १६९७ रोजी, सेलेमच्या घटनांबद्दल प्रांतभर उपासाचा दिवस पाळला गेला. बोस्टनच्या साउथ चर्चमध्ये सॅम्युएल विलर्ड हे पाळक व्यासपीठाकडे जात असताना स्यूअलने त्यांच्या हाती एक चिठी दिली, आणि ते ती वाचीत असता तो आपल्या जागी सर्वांसमक्ष उभा राहिला. चिठीचा आशय असा की त्या न्यायालयाच्या कामी आपल्यावर अपराध आला आहे, त्याचा दोष आणि त्याची लाज आपण स्वतःवर घेऊ इच्छितो, माणसांनी क्षमा करावी, आणि देवाने आपल्या पापाचे शासन घरच्यांवर किंवा देशावर करू नये. वाचन संपल्यावर त्याने मान लवविली आणि तो खाली बसला.

दोष आणि लाज, दोन्ही शब्द. हे वाचताना आम्ही पुस्तक मिटून ठेवले. दोष मान्य करणारे बरेच भेटतात. चूक झाली, प्रशासकीय त्रुटी होती, त्या काळी तसे वातावरण होते. लाज मागून घेणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन याने असे काही केले नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडले नाही. तो प्रांताचा कारभारही पाहत होता.

स्यूअलचीही बाजू फार उजळ करू नये. त्याच्या चिठीत मेलेल्यांपैकी एकाचेही नाव नाही. फाशी गेलेल्यांच्या घरची माणसे बोस्टनच्या त्या चर्चमध्ये बसली नव्हती. परंतु तो तिथे थांबला नाही. १७०० साली त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक पुस्तिका छापली, भावांनी विकलेल्या योसेफाचे नाव तिच्या शीर्षकात आहे; न्यू इंग्लंडमध्ये तशा प्रकारची ती पहिली. एकदा खाली मान घातलेल्या माणसाला दुसरीकडचा अन्याय लवकर दिसतो की काय, कोण जाणे. आम्हांला तसे वाटते खरे.

बारा पंचांनीही सह्या करून क्षमा मागितली. आणि १७०६ साली ॲन पटनम हिने. १६९२ मध्ये बारा वर्षांची असलेली ही मुलगी आरोप करणाऱ्यांत पुढे होती. आपल्याच गावच्या चर्चमध्ये ती उभी राहिली आणि पाळकांनी तिची कबुली वाचली. तीत नर्सबाईचा नावाने आणि तिच्याबरोबर तिच्या दोन बहिणींचा उल्लेख आहे. ज्या गावात नाव घेऊन मारले त्याच गावात नाव घेऊन क्षमा मागितली. स्यूअलपेक्षा या अडाणी पोरीने ते नेमके केले, असे आमचे मत आहे. १७११ साली प्रांताने बऱ्याच जणांवरचा ठपका काढून ५७८ पौंडांवर भरपाई मंजूर केली. १७१२ मध्ये नर्सबाईचा बहिष्कार मागे घेतला गेला. शेवटच्या एका बाईचे नाव कायद्याने शुद्ध व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

आता आम्ही हे सारे का वाचीत बसलो ते सांगतो. त्याशिवाय इथून उतरणे बरोबर नाही.

१९९८ साली आम्ही एका कारखान्यातील युनियनचे सेक्रेटरी होतो. नोटिशीची मुदत संपली होती, पण काम बंद करण्याचा दिवस गुप्त ठेवला होता. तो शुक्रवारी रात्री सात माणसांत ठरला. सोमवारी सकाळी काम थांबायचे. रविवारी पाहतो तो तयार माल रातोरात बाहेर गेलेला आणि फाटकावर पोलिसांची गाडी. कोणी फोडले? सातांत टूलरूममधले एक वडीलधारे होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. त्यांचा मेहुणा ऑफिसात होता. एवढा पुरावा आम्हांला पुरला. फाटकावरच्या सभेत, लाउडस्पीकरवर, आम्ही त्यांचे नाव घेतले. टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून कॅन्टीनमध्ये त्यांच्या टेबलाशी कोणी बसेना. चाळीत नळावर त्यांच्या घरच्या बाईंशी बायका बोलेनात. आठ महिन्यांनी अण्णांनी राजीनामा दिला आणि ते गावी गेले.

२००३ साली छापखान्यातला तेव्हाचा पोऱ्या आम्हांला सहज भेटला. संपाचे पत्रक आम्हीच शुक्रवारी रात्री, तारखेसकट, त्याच्या मालकाकडे टाकून आलो होतो. कारखान्याची चलनेही त्याच छापखान्यात छापली जात. पोऱ्याने हसत हसत सांगितले की मालकांनी त्याच रात्री फोन केला होता. फोडणारे आम्ही होतो.

यानंतर चार वर्षे आम्ही गप्प बसलो. कारणे उत्तम होती. संघटनेची बदनामी होईल, करार तोंडावर आहे, जुनी मढी कशाला उकरायची. अण्णांच्या मुलाच्या शाळेसाठी म्हणून एकदा मनिऑर्डर करावी असेही मनात आले, निनावी. दादांना हे सांगितले तेव्हा त्यांनी उपदेश केला नाही. "निनावी कशाला? नाव तर तुम्ही लाउडस्पीकरवर घेतले होते," एवढेच म्हणाले.

२००७ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या गावी गेलो. अण्णा पिठाची गिरणी चालवीत होते. अंगभर पीठ, कानाला रुमाल. गिरणी बंद करून त्यांनी सारे ऐकून घेतले. मग म्हणाले, "सेक्रेटरी, हे इथं गिरणीत सांगून काय उपयोग? इथं मला कोणी चोर म्हणत नाही."

तेव्हा परत येऊन फाटकावर सभा घेतली. कमिटीतल्या तिघांचा विरोध होता. लाउडस्पीकर तोच, जागा तीच. ऐकणाऱ्यांत निम्मे नवे होते, त्यांना अण्णा कोण हेही ठाऊक नव्हते. जुन्यांपैकी कोणी वर पाहिले नाही, कारण बहिष्कार त्यांनीही पाळला होता. आम्ही नाव घेऊन सांगितले, पत्रकाची हकीकत सांगितली, आणि सेक्रेटरीपद सोडले. टाळ्या पडल्या नाहीत. रात्री झोप मात्र लागली, हे नमूद करतो. फंडातून आठ महिन्यांचा पगार अण्णांना द्यावा असे कोणी सुचविले, त्यावर आम्ही अडून बसलो की तो आम्ही द्यायचा. तीन वर्षे हप्त्याने दिला. अण्णांनी घेतला आणि दर वेळी पावती दिली.

अण्णांशी आता आमचे बोलणे आहे. त्या गावावरून गेलो तर गिरणीत बसतो. त्यांच्या घरच्या बाई आत असतात, चहा मुलाच्या हाती बाहेर येतो. त्या आमच्याशी आजवर एक शब्द बोललेल्या नाहीत. अण्णा त्यांना कधी आग्रह करीत नाहीत, आणि आम्हीही करीत नाही.